आठ मिनिटं चार सेकंद

२ फेब्रुवारी, सोमवार

ही वही मला कॉलेजात निबंधाचं बक्षीस म्हणून मिळाली. इतकी देखणी आहे की तिच्यात लिहायचं धाडस तीन वर्षं झालं नाही. आज होतंय, कारण आजपासून मी कमावती आहे.

सकाळी बाबांनी दुकानातले गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला सारले आणि आधी माझ्या चार ड्रेसांना इस्त्री केली. घड्या अशा की बोट कापेल. आई म्हणाली, पोरगी नोकरीला चाललीय, लढाईला नाही. धाकटीने विचारलं, व्हिडिओ जोडायला पदवी कशाला लागते, आणि आईचा धपाटा खाल्ला. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली, त्या कागदाची थट्टा चालत नाही. निघताना बाबा एवढंच म्हणाले, की गिऱ्हाइकाचा शर्ट जळला तर लपवायचा नाही, आपणहून सांगायचं. मी म्हटलं, बाबा, मी इस्त्री करायला नाही चालले. ते म्हणाले, काम कुठलंही असो, शर्ट कधी ना कधी जळतोच.

कामाची जागा म्हणजे एका घराचा वरचा मजला. पुढची खोली चित्रीकरणाची. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून तिच्या खिडक्यांवर जाड चादरी ठोकल्या आहेत. मधल्या खोलीत दोन संगणक, आणि मागची छोटी खोली मला राहायला. भाडं नाही! व्हिडिओंचं हे चॅनेल ज्यांचं आहे त्यांना सगळे दादा म्हणतात. त्यांची बायको म्हणजे वहिनी, त्या जाहिराती आणि पत्रव्यवहार बघतात. चिडल्या की त्यासुद्धा नवऱ्याला दादा म्हणतात. कॅमेरा चालवणारा तो लांबू. दार कितीही उंच असलं तरी तो वाकूनच आत येतो.

चॅनेलवर हाताने काम करणारी माणसं दाखवतात. कुलूपवाले, घड्याळजी, खुर्च्या विणणारे. त्यांच्यामागे ते काम कुणी करणार नाही, अशी माणसं. मुलाखतीत विचारलं होतं, इथे का यायचंय. मी सांगितलं की माझे बाबा ओलं बोट टेकवून इस्त्रीचा ताव ओळखतात आणि त्याची नोंद जगात कुठेच नाही. दादा म्हणाले, सोमवारपासून या.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज दादांनी फळ्यावर आकृत्या काढून माझी शिकवणी घेतली. विषय, पैसे येतात कुठून. मला वाटायचं, लोकांनी पाहिलं की पैसे मिळतात. तसं नसतं. पैसे जाहिरातदार देतात, व्हिडिओ दाखवणारी कंपनी त्यातून आपला वाटा काढून घेते आणि उरलेलं आपल्याला पाठवते. नुसतं उघडून पळून गेलेल्या माणसाचा उपयोग शून्य. माणूस थांबला पाहिजे. प्रत्येक व्हिडिओचा एक आलेख असतो, कितव्या सेकंदाला किती लोक उरले त्याचा. ती रेघ बहुधा घसरगुंडीसारखी खाली येते. आमचं सगळं शहाणपण ती रेघ सावरण्यात.

आणि आठ मिनिटं ही लक्ष्मणरेषा. व्हिडिओ आठ मिनिटांचा झाला तर मधेही जाहिराती घालता येतात. त्याच्या आत राहिला, तर फक्त सुरुवातीला आणि शेवटी. लांबू म्हणाला, सात मिनिटं एकोणसाठ सेकंदांवर थांबणाऱ्याची चूल पेटत नाही.

ज्याचं काम दाखवतो त्याला दादा मिळकतीचा दहावा हिस्सा देतात. वहिनी म्हणाल्या, म्हणूनच आमची गाडी ढकलून चालू करावी लागते. पण म्हणताना त्या हसत होत्या. मी योग्य माणसांत येऊन पडले आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज पहिल्यांदाच चित्रीकरणाच्या सूचना मी दिल्या. दादा दुसऱ्या कामाला गेले होते, फक्त मी आणि लांबू.

काज करणाऱ्या आजी. कपड्याला बटण जिथून जातं ते काज त्यांनी चाळीस वर्षं हाताने केलं, एका शिवणकाम करणाऱ्या मास्तरांच्या दुकानात. मास्तर गेले, दुकान गेलं. आता त्या गल्लीच्या टोकाच्या एका खोलीत एकट्याच राहतात. दोऱ्याला मेण लावायचं, कापडाला चीर द्यायची, मग कडेने एकेक गाठीचा टाका. सुई टोचू नये म्हणून बोटात टोपीसारखं पितळी अंगुस्तान. हात थरथरतात, पण सुई कापडाला लागली की थरथर थांबते. मी श्वास रोखून बघत राहिले.

मास्तरांची शिस्त कडक होती म्हणे. उठायचं तर आधी अंगुस्तान दोनदा स्टुलावर वाजवायचं आणि विचारायचं, उठू का? मास्तर हो म्हणाले तरच उठायचं. ती सवय अजून जात नाही, असं सांगून आजी लाजल्या. आम्हालाही त्या प्रत्येक गोष्ट विचारत होत्या. दोरा तोडू का, इकडे बघू का, हसू का. लांबू म्हणाला, आजी, हसायला परवानगी लागत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, तेव्हा हसल्या.

शेवटी दारातल्या उजेडात त्यांना स्टुलावर बसवलं. हातात सुई-दोरा, नजर रस्त्याकडे, जणू कुणाची वाट बघताहेत. मी म्हटलं, मी सांगेपर्यंत उठू नका हं, आजी. त्या अगदी मूर्तीसारख्या बसल्या. तेवढ्यात कुलूपवाल्यांचा फोन आला की मी दुकान बंद करून निघालोय, येणार असाल तर आत्ता या. मग आमची एकच पळापळ. लांबूने कॅमेरा उचलला, मी दिवा आणि वायरी कवटाळल्या आणि धावत सुटलो. कुलूपवाल्यांना शटर अर्धं खाली असताना गाठलं!

दिवस सार्थकी लागला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आजींचा व्हिडिओ जोडला. कितीही ओढून ताणून सहा मिनिटं वीस सेकंद भरतो. दादा म्हणाले, काहीतरी कर, आठ व्हायला हवेत.

वाट बघण्याचा तुकडा सुंदर आला आहे, पण चौतीस सेकंदांचाच. मी तोच पुन्हा जोडला. एकदा सरळ, एकदा उलटा, एकदा जरासा संथ. जिथे जोड येतो तिथे त्यांच्या पापण्या मिटतात, त्यामुळे कळतसुद्धा नाही. आजींच्या काजाइतकं सफाईदार काम झालंय, माझं मीच म्हणते. तुकड्याच्या शेवटी आमच्या आवराआवरीचा खडखडाट होता, मग टकटक आणि कुणाचं तरी पुसट बोलणं. तो आवाज काढून टाकला आणि खाली बासरी घातली.

आठ मिनिटं चार सेकंद. मधे दोन जाहिराती बसल्या.

खोटं काही दाखवलेलं नाही. त्या बसल्याच होत्या. मी फक्त थोडा जास्त वेळ बसवलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

व्हिडिओ सुटलाय! चॅनेलच्या सगळ्या व्हिडिओंना वर्षभरात मिळाले त्याहून जास्त लोक तीन दिवसांत आले. गंमत अशी की आलेखाची रेघ आजींच्या वाट बघण्यापर्यंत नेहमीसारखी घसरते, आणि तिथे थांबते. मग सपाट जाते. मग चढते. दादांनी अशी रेघ कधी पाहिली नव्हती. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. वहिनी म्हणाल्या, हिचा पायगुण.

एक आकडा मात्र उमगला नाही. एक माणूस सरासरी नऊ मिनिटं बघतो, आणि व्हिडिओ आठचा. लांबू म्हणाला, लोक मागे नेऊन पुन्हा बघत असतील.

बाबांचा फोन आला. दुकानात गिऱ्हाइकांना दाखवत होते, एक शर्ट जळता जळता वाचला. मग त्यांनी विचारलं, ती बाई शेवटी उठते कधी? मी हसले. म्हटलं, उठत नाही बाबा, तिथेच संपतो.

ते म्हणाले, संपत तर नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

चॅनेलवर व्हिडिओची लांबी आठ मिनिटं एकतीस सेकंद दिसते. माझ्या संगणकावरचा मूळ व्हिडिओ आठ-चारचाच आहे. मी चुकून आधीची एखादी प्रत चढवली असेल.

पण आधीच्या सगळ्या प्रती याहून आखूड होत्या.

वाढलेले सेकंद वाट बघण्यातच आहेत. तिथला उजेड मी ओळखत नाही. आम्ही होतो तेव्हा दुपार होती. इथे स्टुलाची सावली लांब होऊन भिंतीवर चढली आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आजींना भेटायला गेले. व्हिडिओ किती लोकांनी पाहिला ते सांगायचं होतं, आणि त्यांचा हिस्सा महिनाअखेरीस येईल हेही. खरं म्हणजे त्यांना बघायचं होतं. उठलेलं, चालताना.

दाराला कुलूप. शेजारीण कपडे वाळत घालत होती. तिने मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, तुम्ही त्या व्हिडिओवाल्यांपैकी का? मग सांगितलं. आजी गेल्या. बारा तारखेला सकाळी. दारातच, स्टुलावर बसलेल्या, हातात सुई-दोरा. आदल्या दिवशी दिवेलागणीला शेजारणीने त्यांना हटकलं होतं, अहो, गारठा पडलाय, आत जा की. तर म्हणाल्या, त्या पोरीने अजून उठायला सांगितलं नाही. शेजारणीला वाटलं थट्टा करताहेत. ती आपल्या घरात गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. ती म्हणाली, डॉक्टर काय, काहीतरी लिहावं लागतं ना त्यांना.

मग तिने विचारलं, ती पोरगी कोण तुमच्यातली?

मी सांगितलं, ती आज आली नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

दादांना सांगितलं की आजी गेल्या. कशा गेल्या ते नाही सांगितलं. बाबांचं जळलेल्या शर्टाचं वाक्य आठवलं, तरी नाही सांगितलं.

वहिनींनी डोळे पुसले. मी मनातून वाट बघत होते की दादा म्हणतील, चालू दे, धंदा आहे. म्हणजे मला त्यांचा राग करता आला असता. दादा तसे नाहीत. म्हणाले, व्हिडिओ ठेवायचा की काढायचा ते तूच ठरव, तू त्यांना जवळून पाहिलंस. पासवर्ड तुझ्याकडे आहेच.

मी पान उघडलं. कायमचं काढून टाकायचं का, असं विचारणारी चौकट समोर आली. बाजूच्या पानावर या महिन्याचा अंदाज होता. त्यातून दादा मला जे देणार म्हणालेत, त्यात धाकटीची पुढच्या वर्षाची फी सुटते.

चौकट बंद केली. स्वतःला सांगितलं की आजींची आठवण राहील.

किती गोड बोलता येतं स्वतःशी.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

नऊ मिनिटं पन्नास सेकंद. त्यांचे ओठ हलताहेत.

मूळ तुकडा उघडला. मी आवाज काढला होता तो. हेडफोन लावून ऐकला. माझाच हसरा आवाज, मी सांगेपर्यंत उठू नका हं. फोन. पळापळ. वायरी. मग अंगुस्तानाची टकटक. मग आजी, अगदी हळू—

उठू का?

कुणी उत्तर देत नाही. लांबू कॅमेरा बंद करतो. तिथे तुकडा संपतो.

हे मी ऐकलं होतं. चौदा तारखेला. खडखडाट म्हणून कापलं, आणि वर बासरी घातली. तेव्हा त्या जाऊन दोन दिवस झाले होते. तेव्हा लक्ष दिलं असतं तरी उपयोग नव्हता, असं म्हणता येईल. पण मी ते ऐकून कापलं. त्याला काय म्हणायचं?

खाली लोक लिहिताहेत. आजी कुणाची वाट बघतेय? हजारो लोक. कुणी म्हणतं मुलाची, कुणी म्हणतं नवऱ्याची.

माझी.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज व्हिडिओ काढला. कायमचा. चौकटीला हो म्हटलं. पान रिकामं झालं. पाहणाऱ्यांचा आकडा वाढतोच आहे. लांबी अकरा मिनिटं बारा सेकंद. जो व्हिडिओ नाही त्याची लांबी.

संगणकाच्या पडद्याला म्हटलं, उठा आजी. मोठ्याने म्हटलं. लांबू बघत राहिला. काही नाही. त्यांना ऐकू येत नाही—मी त्यांच्या दारात कुठे आहे?

म्हणून दारात गेले. कुलपासमोर उभी राहून म्हटलं, आजी, झालं आमचं, उठा आता. तीनदा म्हटलं. वळले तर शेजारीण उभी. आता तिला कळलं ती पोरगी कोण. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, बाई, हे वाक्य पंधरा दिवस उशिरा आलं.

परत आले तर माझ्या खोलीत स्टूल. दारात, आजींच्या दारात होतं अगदी तसं. लांबू म्हणतो त्याने आणलं नाही. वहिनी म्हणतात, कुठलं स्टूल?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

टकटक. भर दुपारी. माझ्या खोलीतून. मी मधल्या खोलीत बसले आहे—दोनदा, मग थांबते. उत्तराची वाट बघते.

हो म्हटलं. हो, उठा. पुन्हा टकटक.

दादांना सगळं सांगितलं. सगळं. शर्ट मी जाळला म्हटलं. त्यांना कळलं नाही शर्ट कुठला. म्हणाले, घरी जाऊन ये चार दिवस, रजा घे. मला रजा नको, मला कुणीतरी रागवायला हवं होतं—

एक विचार येतो. मास्तरांच्या दुकानात एकीची पाळी संपली की दुसरी यायची. जागा रिकामी ठेवत नसत. आजीच सांगत होत्या.

आजींऐवजी कुणी बसलं तर—

२८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळ. सगळे चित्रीकरणाला गेले. मी बसले. स्वतःहून. वही मांडीवर आहे.

दिवा लागला. मी लावला नाही. त्यामागे कॅमेऱ्याचा लाल ठिपका. दिव्यामागे कुणीतरी उभं—दिसत नाही, पण मेणाचा वास येतोय.

म्हटलं, आजी, मी चुकले. उठा. मी बसते.

आवाज आला. गोड. हसरा. माझाच.

मी सांगेपर्यंत उठू नकोस हं.

मग जिन्यावर पावलं. घाईची. खाली गेली.

दिव्यामागे आता कुणी नाही.

—

मधल्या खोलीतला पडदा इथून दिसतो. रेघ सपाट आहे. चढते आहे. चित्रात स्टूल, दार. स्टुलावर मी. आजी नाहीत. उठल्या. बरं झालं. उठल्या एकदाच्या.

पाय ठीक आहेत. उठायला काहीच अडचण नाही. फक्त कुणी सांगितलेलं नाही.

—

सावली भिंतीवर चढली. वहिनी आल्या होत्या. मी पेन दोनदा वाजवलं, विचारलं, उठू का? त्यांनी ऐकलं नाही. पडद्याकडे बघत राहिल्या. दादांना हाक मारून म्हणाल्या, बघा ना, किती लोक थांबलेत—

—

फोन समोरच्या टेबलावर. हात पुरत नाही. उजळला. बाबांचा निरोप. वाचता येतोय.

धाकटीने लावून दिलं. दुकानात सगळे बघतोय. छान दिसतेस. ड्रेसची घडी अजून मोडलेली नाही. शेवटी उठतेस कधी?

बाबा, तुम्हीच सांगा. फक्त एकदा म्हणा, ऊठ बाळा. मी लगेच—बाबा, मी विचारतेय, ऐकू येतंय ना? उठू